वेबसाइट चार, डेटाबेस एक

...आणि वर मलाच विचारतात, "एकच कशाला ठेवलास रे?" अहो, एकच कशाला म्हणजे काय? आमच्या घरात माणसं सात आणि बाथरूम किती? एक! तिथं कधी कुणी विचारलंय का, एकच कशाला ठेवलंत म्हणून? नाही ना? मग मी डेटाबेस एक ठेवला तर एवढं काय आभाळ कोसळलं? तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही. घरात मला 'मौनी' म्हणतात. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत, आणि पाहुणे आतल्या खोलीत आले की मी गच्चीवर. पण आज बोलणार. कारण गोष्ट माझ्या एका वाक्याची आहे. एकच वाक्य, पण असं बोललो की मामांच्या दुकानातल्या वरच्या फळीवरचे रंगाचे डबे हलले!

थांबा, आधीपासून सांगतो. मी नववीत शाळा सोडली. म्हणजे शाळेनं मला आणि मी शाळेला, दोघांनी एकाच सुमारास एकमेकांना सोडलं. मला उत्तर यायचं हो, तोंड उघडायचं नाही. सर म्हणायचे, "उभा राहा." मी उभा. "बोल." मी उभाच. असा मी तीन वर्षं उभा होतो. मग ताईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, तिचा जुना संगणक मला दिला आणि म्हणाली, "हा तुझ्या तोंडाकडे बघत नाही. याच्याशी बोल." आणि बोललो की मी! संगणकाशी मी जे बोलायला लागलो ते अजून थांबलेलो नाही. दोन वर्षांत वेबसाइट करायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. चुकायचं, पुसायचं, परत लिहायचं.

तर चार वेबसाइट केल्या, घरच्यांच्याच. पहिली मामांच्या हार्डवेअरच्या दुकानाची. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, नळ, अकरा हजार वस्तू... आणि मामांचा हट्ट की सगळ्या एकाच पानावर दिसल्या पाहिजेत! "गिऱ्हाइकाला कळू दे, दुकान म्हणजे काय असतं!" दुसरी आत्याच्या शिवणकामाची. तिसरी बाबांच्या घड्याळदुरुस्तीची. आणि चौथी ताईच्या पाळणाघराची. आता डेटाबेस म्हणजे काय, तर मागचं कपाट. वेबसाइट ही दुकानाची काच. लोकांना दिसते काच, पण माल, मापं, पत्ते, सगळं असतं मागच्या कपाटात. मी घेतली सगळ्यात स्वस्त योजना, त्यात कपाट मिळतं एकच. मी म्हटलं, चालेल. मोठं आहे ना? एक खण मामांचा, एक आत्याचा, एक बाबांचा, एक ताईचा. कुलूप एक, किल्ली एक, बॅकअप घ्यायचा तर एकदा बटण दाबलं की चारही दुकानं सुखरूप! मला तर तेव्हा इतकं भारी वाटलं म्हणून सांगू... वेबसाइट चार, डेटाबेस एक! मी हे आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. आरशासमोर मला बोलता येतं.

पण एक पाचवा खण होता. तिथंच तर सगळं महाभारत. त्या खणात एकच आकडा. 'आजवर इतक्या जणांनी भेट दिली.' कुणी पान उघडलं की आकडा एकानं वाढायचा. आता हे चार ठिकाणी चारदा कोण लिहिणार? एकदाच लिहिलं आणि चारही वेबसाइटना तेच जोडलं. झालं असं की आकडाही चौघांचा मिळून एकच झाला! मामांकडे कुणी आलं तरी तो वाढायचा, ताईकडे आलं तरी तोच वाढायचा, आणि दिसायचा मात्र चौघांनाही आपापल्या पानावर, जणू आपलाच.

मला हे कळलं दुसऱ्याच आठवड्यात. सांगणारच होतो. पण मामा घरी आले, पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "ताई!" म्हणजे माझ्या आईला, "सहा हजार दोनशे अकरा! आज सकाळचा आकडा!" आत्या आतून पदराला हात पुसत आली. "अगं बाई! माझाही सहा हजार दोनशे अकरा!" मी म्हटलं, आता गेलो. आता पकडलं. आता विचारणार. तर मामा काय म्हणाले असतील? "बघ! माझ्याकडचं गिऱ्हाईक थेट तुझ्याकडे येतंय! माझ्याकडून कपाटाला मुठी घेतात आणि तुझ्याकडे पडदे शिवायला टाकतात!" आत्या म्हणाली, "नाही हो दादा, उलटं असेल. आधी माझ्याकडे येतात, मग जाता जाता तुमच्याकडे डोकावतात." यावर दोघांची अर्धा तास जुंपली, आणि मी? मी मौनी. फक्त बाबा, डोळ्याला ते भिंग तसंच लावलेलं, हळूच मला म्हणाले, "माझ्याकडेही सहा हजार आलेत म्हणे. दुकानात तर आज तिघं आले होते. त्यातला एक पत्ता विचारायला." मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. ते पुन्हा घड्याळात शिरले. बाबांचा मुलगा आहे मी, अगदी शोभतो!

आणि मग सुरू झालं दाबणं. पान पुन्हा उघडलं की आकडा वाढतो, हा शोध मामांना लागला. मग काय! गिऱ्हाईक नसलं की मामा बटण दाबायचे. गिऱ्हाईक असलं तरी एका हातानं स्क्रू मोजायचे, दुसऱ्या हातानं बटण दाबायचे. आत्याला शंका आली की मामांचा आकडा आपल्यापुढे जाईल, म्हणून ती शिलाई मशीनच्या पायडलवर पाय आणि फोनवर अंगठा, दोन्ही एकाच लयीत! बरं, एकानं दाबलं की आकडा दोघांचाही वाढणार. म्हणजे मामा दाबायचे, आत्याचा वाढायचा, आत्या दाबायची, मामांचा वाढायचा, आणि दोघांनाही वाटायचं की समोरचा फार पुढे चाललाय. अशी शर्यत तुम्ही कधी पाहिली आहे का, जिच्यात दोघं एकाच सायकलवर बसून एकमेकांना मागे टाकताहेत?

इथपर्यंत ठीक होतं. हळूहळू वेबसाइट जड व्हायला लागल्या, ते मला जाणवत होतं. पण चालत होत्या. मग आली ताईच्या पाळणाघराची प्रवेशाची वेळ.

चोवीस जागा. गेल्या वर्षी लोक जिन्यात रांग लावून उभे होते, पहिल्या पायरीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, कडेवर मुलं, मुलांच्या तोंडात बिस्किटं, आणि एका बाळाच्या आजोबांना चक्कर आली. तेव्हा ताईनं ठरवलं, यंदा सगळं वेबसाइटवर. सोमवारी सकाळी दहाला फॉर्म उघडणार, पहिल्या चोवीस जणांना प्रवेश. आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, मोठ्या कंपनीत इंजिनिअर. माणूस चांगला, पण वाक्य सुरू केलं की ते मिटिंगसारखं चालतं. म्हणाले, "मला एक मुद्दा मांडायचाय. चार साइटना एक डेटाबेस? एकावर ताण आला की चारही बसणार. हे मूलभूत आहे." मी खाली बघितलं. "आमच्या कंपनीतल्या एका माणसाशी मी बोलून ठेवलंय. सोमवारी एकदा जरी अडकली, तरी संध्याकाळपर्यंत सगळं त्याच्याकडे. राग मानू नकोस." ताई बाळांच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "अडकणार नाही. माझ्या भावानं केलीय."

तुम्हाला सांगतो, एवढं एकच वाक्य. मला नववीपर्यंत जेवढे शिक्षक होते, त्या सगळ्यांनी मिळून माझ्याबद्दल असं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. माझ्या भावानं केलीय! तिनं मला संगणक दिला तेव्हाही घरचे म्हणाले होते, वाया जाईल. आता ती अडकली तर माझी वेबसाइट नुसती नाही हो, ताईचा शब्द खाली पडणार. मला त्या आठवड्यात झोप लागली नाही, आणि लागली तेव्हा स्वप्नात सर म्हणाले, "उभा राहा."

सोमवार उजाडला. सकाळी आमच्या घरी काय होतं, ते आधी सांगायलाच हवं. मी अंघोळीसाठी टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमबाहेर उभा. आत आजोबा. आजोबांची पद्धत अशी, की आत जायचं, कडी लावायची, आणि मग आठवायचं आपल्याला काय काय हवंय. आतून आवाज, "माझा चष्मा कुठाय?" आई बाहेरून, "तुमच्या डोक्यावर!" मग शांतता. मग वर्तमानपत्राच्या घडीचा आवाज. मग, "साबण संपलाय वाटतं!" बाहेर आम्ही सहा जण रांगेत, ज्याला त्याला घाई, आणि आजोबांचं खरं काम अजून सुरूच व्हायचंय! मी म्हटलं, जाऊ दे, आज अंघोळीवाचून. तसाच गेलो.

पावणेदहा. पाळणाघराच्या मागच्या खोलीत मी बसलोय. तिथं मोठी खुर्ची नाही, म्हणून पिवळ्या छोट्या खुर्चीवर, गुडघे कानाला लागलेत. बाजूला सात बाळं झोपलेली. मागे भावजी, हाताची घडी. पुढे ताई, एका बाळाला खांद्यावर थोपटत. दहा वाजले. एक फॉर्म आला. दोन आले. आणि मग... ते गोल गोल फिरणारं चक्र! फिरतंय, फिरतंय, फिरतंयच! ताईचा फोन वाजला. "हॅलो, अहो, पान उघडतच नाहीये!" ठेवला, पुन्हा वाजला. "आम्ही दहाला एक मिनिट असताना बसलोय हो!" तिसरा, "जिन्यात येऊन उभं राहू का?" बाळं जागी झाली. एक रडलं, मग सातही रडली. त्या गोंधळात भावजींचा शांत आवाज, "मी त्या माणसाला फोन करू का?"

ताई म्हणाली, "दहा मिनिटं थांबा."

दहा मिनिटं! मी आत शिरलो, म्हणजे डेटाबेसमध्ये. कोण कोण काय करतंय, त्याची यादी काढली. बघतो तर पाळणाघराचे फॉर्म ओळीनं उभे. त्यांच्यामागे आत्या. सगळे कशासाठी थांबलेत? त्या पाचव्या खणासाठी! आकडा वाढवायला! आणि खण धरून कोण बसलंय? मामांचं पान. ते सुटलं की लगेच पुन्हा मामांचं पान. पुन्हा मामा. पुन्हा मामा! वेबसाइट चार, डेटाबेस एक, आणि त्या एकावर मामांची बोटं! फोन लावला, तर "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता..." मी पिवळी खुर्ची सोडली. म्हणजे सोडायला गेलो, ती माझ्याबरोबरच उठली. ती झटकली आणि पळालो.

मामांचं दुकान पलीकडच्याच गल्लीत, पण आधी उतरायचे तीन मजले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा पाय सटकला, कठडा धरला, आणि तुम्हाला सांगतो, तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. आजोबा! अहो, मी लिहिलेलं मामांचं पान अगदी आजोबांसारखं वागत होतं! आधी आत जायचं, आकड्याचा खण धरून कडी लावायची, आणि मग आतून अकरा हजार खिळे-स्क्रूंची यादी वाचत बसायचं! यादी संपली की मग कडी काढायची. तोवर बाहेर सगळं गाव टॉवेल घेऊन उभं! अरे, यादी बाहेर बसून वाचायची ना, चष्मा, पेपर, साबण सगळं बाहेर गोळा करायचं, मग आत जायचं, एक मिळवायचा आणि बाहेर! कडी क्षणभर! चूक एक डेटाबेस ठेवण्यात नव्हती, चूक कडी लावायच्या वेळेत होती. आणि ती माझी होती. दोन ओळी. फक्त दोन ओळी खालीवर करायच्या!

धावत मामांच्या दुकानात शिरलो. बघतो तर दुकानात गर्दी. रंगारी, प्लंबर, दोन गिऱ्हाइकं, सगळे गल्ल्याभोवती जमलेले, मामा मध्ये, फोन कानाला, बोट बटणावर. "मौनी! ये ये ये! अगदी वेळेवर आलास! एकोणीस हजार नऊशे सत्त्याऐंशी! वीस हजार झाले की सगळ्यांना चहा!" रंगारी म्हणाला, "दाबा शेठ, आज जरा सावकाश चाललंय." मामा म्हणाले, "गर्दी आहे ना साइटवर! माझ्या माणसांनी भरलीय!" आणि टक्, टक्, टक्.

मी म्हटलं, "मामा, बटण सोडा." म्हणजे मला वाटलं मी म्हटलं. ओठ हलले, आवाज आला नाही. नववीतलाच मी. "मामा..." टक्. "मामा, ताईचे फॉर्म..." टक्, टक्. "अठ्ठ्याऐंशी!" प्लंबर ओरडला. माझ्या डोळ्यांसमोर ताई आली, खांद्यावर बाळ, आणि भिंतीवरचं घड्याळ. सहा मिनिटं गेलेली. सहा! आणि मग माझ्या आतून, कुठून ते मला अजून माहीत नाही, बहुधा त्या तीन वर्षांच्या उभं राहण्यातून...

"मामा! हात वर!"

सगळं दुकान थांबलं. एका गिऱ्हाइकाच्या हातातून स्क्रूंची पिशवी सुटली आणि फरशीभर खणखण खणखण... मामांनी दोन्ही हात वर केले. फोनसकट. दरोडा पडल्यासारखे! रंगाऱ्यानंही केले, तो तर उगाचच. मी गल्ल्याच्या आत गेलो. मामांच्या गल्ल्याच्या आत! तिथं मामीसुद्धा विचारून जाते! मामांच्याच स्टुलावर बसलो, मामांच्याच संगणकावरून आत शिरलो, दोन ओळी उचलल्या, वरची खाली, खालची वर. जतन. श्वास. ताईला फोन लावला. पलीकडे बाळांचा कल्लोळ, आणि मग ताईचा आवाज, "आला! एक आला! तीन! अरे नऊ आले! अरे येताहेत रे धडाधड!"

चार मिनिटांत चोवीस जागा भरल्या. जागा भरल्यानंतर पान नीट सांगत होतं, 'क्षमस्व, प्रतीक्षा यादीत नाव द्या', ते वाक्यसुद्धा माझं. जिन्यात एकही माणूस नाही, कुणाला चक्कर नाही. आणि मामा अजून हात वर करूनच उभे. हळूच विचारलं, "आता खाली घेऊ का रे?" मी म्हटलं, "घ्या." आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. पाळणाघराच्या आईबापांनी आकडा केव्हाच ओलांडला होता. "वीस हजार साठ! अरे, वीस हजार साठ! चहा सांगा रे!" माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दोन ओळींत गिऱ्हाईक वाढवलंस! मी सगळ्यांना सांगणार, माझा भाचा आहे!" मी कपबशी हातात घेतली.

भावजींचा फोन आला. "काय केलंस? वेगळा डेटाबेस काढलास?" म्हटलं, "नाही भावजी. एकच आहे. कडी लावायची वेळ बदलली." मग म्हणाले, "मला एक मुद्दा मांडायचाय." म्हटलं, मांडा. "आमच्याकडे हे शोधायला सहा माणसं आणि तीन दिवस लागले असते." आणि मागून ताईचा आवाज, जोरात, मुद्दाम मला ऐकू जाईल असा, "सांगितलं होतं ना!"

बस. मला अजून काय हवं होतं?

पण मी सरळ माणूस, मला ते टोचत होतं. दुसऱ्या दिवशी मी चौघांचे आकडे वेगळे केले. खरे. कुणाचं पान कुठून उघडलं, याच्या नोंदी सगळ्या होत्याच. पहिल्यांदा बाबांना दाखवले. बाबांनी भिंग वर केलं. "एक्केचाळीस?" म्हटलं, "हो बाबा." "त्यातला तू किती वेळा?" "...सदतीस. तपासायला." बाबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे चार माणसं खरी." आणि काय सांगू, बाबांचा चेहरा असा उजळला! "चार माणसं! माझं दुकान कधी न बघितलेली! घरात बसून!" त्या दिवशी ते शीळ घालत घड्याळं उघडत होते. मी बाबांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

मामांचं मात्र तसं झालं नाही. मामांचा आकडा बाराशे दहा निघाला, त्यांच्या दुकानातल्या संगणकाच्या भेटी वगळून. मामा म्हणाले, "बाकीचे अठरा हजार कुठे ठेवलेस?" जणू मी ते माझ्या खिशात घातले! आत्यानं तर डोळ्याला पदर लावला, "इतकी माणसं आली आणि तू एका दिवसात हाकलून दिलीस?" आई म्हणाली, "दे रे बाबा परत, घरात शांतता राहील." मी ताईकडे बघितलं. ती हसून म्हणाली, "दे. फक्त कडी सांभाळ."

दिला. आता पुन्हा चौघांचा मिळून एकच आकडा आहे, दाबा किती दाबायचं ते, काही अडत नाही. आजोबांच्या बाबतीत मात्र दोन ओळी खालीवर करता आल्या नाहीत. ते अजून आत जाऊनच चष्मा शोधतात.

आणि काल भावजी आले. बूट काढले, पाणी प्यायले, घसा खाकरला. "मला एक मुद्दा मांडायचाय. मी पक्ष्यांचे फोटो काढतो, तुला माहीतच आहे. त्याची एक वेबसाइट करशील?" म्हटलं, करतो की! वेगळा डेटाबेस घेऊ, तुम्ही म्हणाला होता तसा, ताण नको, मूलभूत आहे. भावजी खुर्चीत जरा पुढे सरकले. "वेगळा घेतला तर तो भेटींचा आकडा कितीपासून सुरू होईल?" "शून्यापासून." "आणि तुमच्यातच घेतलं तर?" "आज सकाळी बावीस हजार तीनशे होते." भावजींनी एकदा ताईकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यातच घे."

तर आता वेबसाइट पाच, डेटाबेस एक! आज सकाळपासून आकडा नुसता पळतोय हो. मी आत्याला विचारलं, ती मशीनवर आहे, फोन चार्जिंगला. मामांना विचारलं, दुकान आज बंद. आता मी कुणाला विचारू? भावजी सकाळपासून मिटिंगमध्ये आहेत म्हणे...